फुलोऱ्यात फवारा नको

महोदय,

काजूचे पीक कमी आले की आपण अवकाळी पावसाला आणि ढगाळ हवेला दोष देतो. ते खोटे नाही. दमट हवेत मोहोर करपतो आणि ढेकण्याचाही (कोवळी पालवी-मोहोर शोषणारा किडा) जोर वाढतो. पण ढेकण्या दिसताच पाठीवर पंप चढतो आणि भर फुलोऱ्यात औषध मारले जाते, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

काजूच्या एकाच तुऱ्यात नर फुले असतात आणि द्विलिंगीही. पराग चिकट, वाऱ्यावर फारसा उडत नाही. सातेरी आणि फुलोरी जातीच्या मधमाश्या, बिनडंखाच्या बारीक माश्या आणि इतर किडे तो नेतात, तेव्हा बी धरते. काकडी-कलिंगडाची तर नर-मादी फुलेच वेगळी. पराग पुरेसा पडला नाही तर काकडी वाकडी होते, एका टोकाला सुकल्यासारखी राहते. चतुर्थीच्या बाजारात असला माल गिऱ्हाईक बाजूला सारते आणि शेतकरी खत बदलतो!

फवाऱ्याने या माश्या मरतील का, असे दुकानदाराला विचारले तर तो डब्यावरचा त्रिकोण दाखवतो. लाल म्हणजे जहाल, निळा म्हणजे चालेल, असा सर्वांचा समज. पण हा रंग सस्तन प्राण्यांना किती विषारी यावरून ठरतो, मधमाशीचा त्यात विचारच नाही. आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी वापरतात त्या थायमेथॉक्झाम या कीटकनाशकावर निळा त्रिकोण असतो. मधमाशीच्या पोटात त्याचे ग्रॅमचे पाच अब्जांश गेले तरी तिला मारायला पुरते. शिवाय ते झाडाच्या रसात भिनते आणि तिथून परागात, मधुरसात उतरते. माशी जागीच मरते असेही नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म चिप लावून पाहिले (२०१२). मरणार नाही इतकी मात्रा दिलेल्या माश्यांपैकी बऱ्याच पोळ्याकडे परतल्याच नाहीत. युरोपीय संघाने २०१८ मध्ये हे औषध, इमिडाक्लोप्रिड आणि क्लोथियानिडिन यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे ती अजून मिळतात.

काजूवाल्यांना तरी हे नवीन नसावे. केरळातल्या कासरगोडला याच ढेकण्यासाठी काजूच्या मळ्यांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले. त्याची किंमत माणसांनी मोजली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बंदी घालावी लागली.

फवारणी अजिबात करू नका, असे मी म्हणत नाही. मी स्वतः बागायतदार आहे, ढेकण्या काय करतो ते पाहतो. मोहोर फुटण्याआधी किंवा फळ धरल्यावर फवारा, फुले उघडी असताना नको, एवढेच मागणे आहे. अगदीच टळत नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी. त्यातही मेख आहे: दोडकी आणि दुधीची फुले संध्याकाळीच उमलतात, म्हणजे काकडीचा नियम त्यांना चालत नाही. असा पीकवार सल्ला शेतकऱ्याला देणार कोण? सध्या तो दुकानाच्या काउंटरवर मिळतो, आणि तिथे विक्रीचा हिशेब आधी असतो.

काजूखाली रान साफ करायला मारतात त्या तणनाशकाबद्दलही बोलायला हवे. काजूचा बहर संपल्यावर माश्यांना याच रानफुलांचा आधार असतो. आम्ही ती जाळतो आणि मग सरकारी योजनेतल्या मधपेट्यांची वाट पाहतो.

विभागीय कृषी कार्यालयांनी पीकवार फवारणीच्या वेळा साध्या मराठी-कोकणीत छापाव्यात आणि औषधाच्या प्रत्येक दुकानात लावायला भाग पाडावे. फवारणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या मधपेटीवाल्याला कळवण्याची रीत पंचायतीने घालून द्यावी. एक रात्र पेट्या झाकून दुसरीकडे हलवायला त्याला तेवढा वेळ पुरतो. आमच्याकडे काजूला डिसेंबरपासून मोहोर लागतो, तेव्हा पत्रके नोव्हेंबरात लागली तरच त्यांचा उपयोग.

— एक बागायतदार, वाळपई (सत्तरी)