कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींना

विनिपेग, कॅनडा

आजी, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. रविवारी चहाला या, वाचून दाखवते. इंग्रजीत 'थँक यू' म्हणून झालं होतं, पण मन भरलं नाही.

मागच्या मे महिन्यात छतावर टेकलेली एल्मच्या झाडाची फांदी छाटायला मी शिडी लावली आणि तुम्ही रस्त्यापलीकडून जवळजवळ धावत आलात. वाटलं, शेजारीण भांडायला आली! तुम्ही फक्त हात पुढे करून करवत मागितलीत. १ एप्रिल ते ३१ जुलै इथे एल्म छाटायला बंदी असते. ताज्या कापाच्या वासाने भुंगेरे येतात आणि अंगावरून बुरशी आणतात, हे मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून ऐकलं. मग तुमची नजर गॅरेजमागच्या लाकडांवर गेली. आधीच्या मालकाने रचलेली ती लाकडं मी शेकोटीसाठी जपली होती. तुम्ही एका ओंडक्याची साल नखाने उचकटलीत. आत त्याच भुंगेऱ्यांचे, वाळवीने कोरावेत तसे बारीक बोगदे! एल्मचं लाकूड साठवणं इथे बेकायदा आहे, हे घर घेताना कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी तुम्ही चौघंजण पिकअप घेऊन आलात आणि सगळं उचलून नेलंत. माझ्याकडून फक्त पोहे घेतलेत.

या बुरशीमुळे एल्मना होणाऱ्या रोगाला 'डच एल्म डिसीज' म्हणतात; त्यात 'डच' का, तेही तुम्हीच सांगितलंत. बिचाऱ्या डच संशोधकांनी तो आधी ओळखला आणि नाव त्यांनाच चिकटलं. आपल्या मॅनिटोबा प्रांतात तो १९७५ पासून आहे. बुरशी आत शिरली की झाड तिला अडवायला स्वतःच्याच पाण्याच्या वाटा बंद करतं आणि तहानेने मरतं. शेजारच्या झाडाशी मुळं जुळलेली असली, तर तेही जातं. म्हणून जुलैत तुमची मंडळी माना वर करून फिरतात आणि हिरव्या शेंड्यात एखादी पिवळी, मलूल फांदी दिसते का ते बघतात. आधी मला ते वेडेपण वाटायचं.

आपल्या रस्त्यावरचा एक एल्म तोडला, त्या दिवशी तुम्ही थर्मास घेऊन कामगारांना कॉफी देत उभ्या होतात. बोलला काहीच नाहीत. संध्याकाळी मात्र १९५७ची गोष्ट सांगितलीत. इथल्याच वुल्झली अव्हेन्यू या रस्त्याच्या मधोमध उभा असलेला एल्म तोडायला माणसं आली, तेव्हा बायकांनी त्याच्याभोवती कडं केलं होतं. सांगताना तुमचे डोळे चमकत होते.

आमच्या गावी देवळामागे वावळाचं झाड होतं. त्याच्या चपट्या, कागदासारख्या बिया आम्ही पोरं सोलून खायचो. वावळ एल्मच्याच कुळातला, हे मला इथे येऊन कळलं. जूनमध्ये इथल्या बिया फुटपाथवर उडायला लागल्या की आता तेच आठवतं.

यंदा जुलैत सोमवारची फेरी माझी. करवत अजून तुमच्याकडेच आहे. ऑगस्टपर्यंत राहू दे.

तुमची,
समोरची शेजारीण