भिंत उजवीकडेच असते

सम्या,

आठ महिने फोन नाही, पत्र तर हॉस्टेलनंतर हे पहिलंच, त्यामुळे आधी शिव्या घालून घे. तब्येत बरी, शुगर होती तिथंच आहे.

झालं असं की आमच्या चिनूने रेसमध्ये गाडी भिंतीला घातली. लागलं काही नाही, बँडोलेरोत, म्हणजे पोरांच्या त्या छोट्या रेसगाडीत, चारी बाजूंनी लोखंडी पाइप असतात, साधं खरचटलंही नाही. पण मला तेव्हापासून झोप नाही आणि इथं अमेरिकेत शार्लटमध्ये कुणाला सांगावं तर हसून खांद्यावर थाप मारतात. तुला कळेल, खंबाटकीत येझदी घसरली तेव्हा मागे तूच होतास.

तू म्हणायचास ना, या लंबगोल ट्रॅकवर नुसतं डावीकडे वळायचं त्यात काय, घाण्याचा बैलपण वळतो? (तो वाद मी अजून सोडलेला नाही.) लेका, बैलाच्या उजव्या अंगाला काँक्रीटची भिंत नसते. तुझ्या एफ-वनमध्ये चुकलं तर बऱ्याच ठिकाणी बाहेर मोकळी जागा तरी असते. इथं पाव मैलाचा ट्रॅक, सरळ रस्ता सुरू झाला म्हणेपर्यंत पुढचं वळण, दम खायला जागाच नाही, आणि सगळा भार उजव्या बाजूच्या टायरवर. पुढचा थकला की गाडी टाइट, म्हणजे स्टिअरिंग वळवलंय आणि नाक चाललंय भिंतीकडे. मागच्याची पकड गेली की लूज, शेपूट सुटतं.

चिनूचं शेपूट सुटलं. तिने झटकन स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, ते बरोबरच, पण सरळ करायला अर्धा सेकंद उशीर. तेवढ्यात टायरने पकड घेतली, चाकं अजून उजवीकडेच, गाडी थेट भिंतीवर.

गेल्या वर्षी तिला डार्लिंग्टनला नेलं तेच चुकलं बहुतेक. 1950 चा मोठा रेसट्रॅक, अंड्यासारखा, का, तर जमीनवाल्याला स्वतःचं मासोळ्यांचं तळं हलवायचं नव्हतं! एकीकडच्या वळणांना आतल्या बाजूला 25 अंशांचा उतार, दुसरीकडे 23, या टोकाला जमवलेली गाडी त्या टोकाला रुसते, वर ते डांबर टायर खातं. भले भले ड्रायव्हर उजवी बाजू भिंतीला घासून येतात, त्या ओरखड्याला डार्लिंग्टन स्ट्राइप म्हणतात. चिनूचं तोंड बघायला हवं होतंस, आपण जत्रेत मौत का कुआँच्या फळ्या हलताना बघायचो ना, अगदी तसं.

आता रोज व्हिडिओ दाखवते, बाबा माझं कुठं चुकलं? मला माहितीये रे. सांगत नाही. सांगितलं तर ती अजून जोरात जाणार, नाही सांगितलं तर परत तिथंच आपटणार. मनूचं बोलणं बंद आहे, ते वेगळंच.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? काकूंचं ऑपरेशन झाल्याचं पक्याकडून कळलं, मी फोन करायला हवा होता. गच्चीची गळती थांबली का?

शनिवारी परत रेस आहे. त्याआधी फोन कर, रात्री दहानंतर. मेसेज टाकू नकोस, तोवर माझा मोबाइल चिनूच्या हातात असतो.

तुझा,
बाळ्या