सायक्लोक्रॉसवाले रोडवर कुठे चालतात?

संपादक महोदय,

सायकलिंगच्या बातम्यांत सायक्लोक्रॉसचा, म्हणजे हिवाळ्यात कच्च्या, अडथळ्यांच्या छोट्या सर्किटवर होणाऱ्या सायकल रेसचा, उल्लेख एका ओळीत उरकतात, ते खरंच खटकतं. चिखल, वाळू, सायकल खांद्यावर घेऊन पळणं, आणि हे सगळं साधारण तासाभरात, म्हणजे प्रत्येक वळणानंतर पुन्हा फुल पॉवर! मग हेच रायडर वन-डे क्लासिक्समध्ये, म्हणजे एका दिवसाच्या मोठ्या रोड रेसमध्ये, भारी पडणार नाहीत तर कोण? सायक्लोक्रॉसमधूनच आलेल्या मॅथ्यू व्हॅन डर पूलने फ्रान्समधली दगडी रस्त्यांची पॅरिस-रूबे रेस 2023, 2024, 2025 अशी सलग तीनदा जिंकली, बेल्जियममधली फ्लँडर्स पण तीनदा. दगडी रस्त्यावर सायकल हलते, घसरते, तिथे हँडलिंग आणि छोटे जोरदार झटके लागतात, ते यांच्या अंगात मुरलेलंच असतं. इटलीतल्या स्ट्राडे बियांके रेसच्या कच्च्या रस्त्यावर पण तेच, तिथले विजेते बघा, सगळे सायक्लोक्रॉसवाले: श्टिबार 2015, व्हॅन आर्ट 2020, पिडकॉक 2023.

तीन आठवड्यांच्या रेसची गोष्ट वेगळी. तिथे रोज लांब चढ, वजन कमी हवं आणि रिकव्हरी हवी, त्यामुळे यातले बरेच जण स्टेज, म्हणजे एखाद्या दिवसाचा टप्पा, जिंकतात पण ओव्हरऑलमध्ये, म्हणजे सगळ्या दिवसांच्या एकूण वेळेत, मागे राहतात. तरी व्हॅन आर्टने 2021 च्या टूर द फ्रान्समध्ये व्हाँतूच्या डोंगराची स्टेज, टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्धची रेस) आणि पॅरिसची स्प्रिंट तिन्ही मारल्या, असा रायडर मला तरी दुसरा दिसत नाही. आणि पोलीन फेराँ-प्रेव्हो, 2015 ची सायक्लोक्रॉस वर्ल्ड चॅम्पियन, तिने 2025 मध्ये रूबे आणि महिलांची टूर दोन्ही जिंकल्या, हे तर पहिल्या पानावर यायला हवं होतं! हिवाळ्यातल्या सायक्लोक्रॉस रेसचे निकाल प्लीज नीट छापा.

– एक सायकलप्रेमी वाचक