ढाका, छेत्री आणि आपला नऊ नंबर

इंदूर,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

मंगळवारी रात्री फोनवर तू जे बोललास त्यातलं निम्मं कागदावर उतरवण्यासारखं नाही आणि उरलेलं निम्मं मला मान्य नाही. मी तोंड उघडतोय तोवर तू फोन ठेवून मोकळा. शाळेतही तेच. गोलमध्ये उभा राहून मागून ओरडायचास आणि पुढच्यानं काय उत्तर दिलं ते ऐकायच्या आत गोलकिक मारायचास. म्हणून पत्र लिहितोय. हे मधेच कापता येणार नाही तुला.

ढाक्याची भारत-बांगलादेश मॅच मी स्वयंपाकघरात पाहिली. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता आणि शेजारी गराडू तळणं चाललं होतं. (थंडी पडलीये इथे. सराफ्यात गराडूच्या कढया लागल्या. कोल्हापुरात तुला हे मिळणार नाही, जळ.) पहिला घाणा कढईतून निघायच्या आत, अकराव्या मिनिटाला, मोरसालिननं गोल ठोकला. नंतरची ऐंशी मिनिटं आपली पोरं त्यांच्या बॉक्सभोवती प्रदक्षिणा घालत राहिली. चिरंजीव लिंबू पिळता पिळता म्हणाले, "बाबा, यांच्यात नऊ नंबर कोण आहे?" आणि काय सांगू, मला चटकन सांगता येईना. पाठीवरच्या नंबराचं नाही म्हणत मी. सेंटर फॉरवर्ड म्हणून जो दोन बॅकच्या मधे घुसून उभा राहतो, तो कोण, हे वीस मिनिटं बघूनही कळत नव्हतं.

तुझं म्हणणं असं की एकही स्ट्रायकर कामाचा नाही, छेत्री गेला आणि दुकान बंद झालं. आकडे तुझ्या बाजूनं आहेत, कबूल. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत पाच मॅच, दोन गोल, दोन पॉइंट. सिंगापूरमध्ये झिंगन रेड कार्ड घेऊन बाहेर गेल्यावर दहा जणांत रहीम अलीनं नव्वदाव्या मिनिटाला काढलेला गोल हा एक, आणि मडगावला त्याच सिंगापूरविरुद्ध छांगतेनं लांबून मारलेला दुसरा. मडगावची मॅच तर त्या गोलनंतरही आपण २-१ अशी हरलो. आणि आता ढाक्याला, २००३ नंतर पहिल्यांदा बांगलादेशकडून हार. सिंगापूर मुख्य स्पर्धेसाठी सौदीला चाललं, आपण घरी. त्याआधी २०२४ च्या जानेवारीत कतारला ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्ध तीन मॅचमध्ये मिळून गोल किती? शून्य. त्या अख्ख्या वर्षात एक मॅच जिंकली नाही आपण. हे सगळं मला पाठ आहे, तू फोनवर ओरडून सांगायची गरज नव्हती.

पण "पोरांचा फॉर्म गेलाय" हे तू म्हणालास ना, तिथे मी अडलो. फॉर्म जायला आधी खेळायला तर मिळायला हवं! जुलैपासून आयएसएल, म्हणजे आपली सर्वोच्च लीग, टांगून ठेवलीये. फेडरेशनचा लीग चालवणाऱ्या कंपनीशी असलेला करार ८ डिसेंबरला संपतोय आणि नव्या निविदेला एकसुद्धा बोली आली नाही. गोव्यातला सुपर कप सोडला तर ही पोरं मॅच म्हणून काय खेळली? सराव करून बॅक तयार राहील एक वेळ, गोलकीपरही राहील. स्ट्रायकर नाही राहत. का, ते तुला माझ्याइतकं कोणी सांगू शकणार नाही, आणि आता तो विषय निघणारच आहे तर मीच काढतो.

महू.

दहावीच्या परीक्षेनंतरची ती मॅच. मीटरगेजच्या गाडीत अकरा जणांत मिळून सात तिकिटं, आणि लष्कराच्या हद्दीतलं ते मैदान, आपल्या चिमणबागेपेक्षा कितीतरी सपाट. शेवटची पाच मिनिटं राहिलेली, बरोबरी. डावीकडून बॉल आला, त्यांचा गोली पहिल्या खांबाशी आडवा झाला होता, आणि मी सहा यार्डांवर एकटा. तू गेली तीस वर्षं सांगतोस की मी आंधळेपणानं मारला. तसं नव्हतं रे. मला सगळं दिसत होतं. जाळीला पडलेलं भोक दिसत होतं, गोलीचा एक सुटलेला बूटबंद दिसत होता. घोळ तोच झाला. वेळ नसला की पाय आपापलं काम करतो. वेळ मिळाला की डोकं मधे येतं. परीक्षेमुळे दोन महिने मी बॉलला पाय लावला नव्हता, त्यामुळे पायाला काही आठवेना आणि सगळा कारभार डोक्याकडे गेला. बॉल बारवरून गेला तो थेट मागच्या बाभळीत. (आणि खडा होता. तू म्हणतोस नव्हता. होता.)

सांगायचं काय, गोल करणं ही रोजची सवय आहे. हात लावला नाही तर तबल्यासारखी उतरते. जूनमध्ये हाँगकाँगला आशिक कुरुनियननं ती समोर आलेली संधी घालवली तेव्हा तू त्याला शिव्या घातल्यास. मी घातल्या नाहीत. मला बाभूळ दिसली.

बरं, लीग चालू असते तेव्हा तरी काय असतं? आयएसएल २०१४ ला सुरू झाली. आजवर सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याचा गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. मागच्या मोसमात नॉर्थईस्टच्या अजरायनं २३ मारले, तो मोरोक्कोचा. भारतीयांत सगळ्यात पुढे कोण, तर चाळिशीतला छेत्री, १४. आणि मोहन बागानच्या सुभाशीष बोसनं ६ मारले. बोस बॅक आहे, बंड्या! डावा बॅक! आपले बॅक जे गोल मारतात ते आपल्या बहुतेक फॉरवर्डांना जमत नाहीत. ऑगस्टमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं, कोच म्हणून खालिद जमीलची पहिली मॅच, तेव्हा गोल कोणाचे? अन्वर अली आणि झिंगन. दोघेही सेंटर बॅक. तू म्हणशील, बघ, म्हणजे फॉरवर्ड बेकारच. मी म्हणतो, जरा विचार कर की असं का होतं.

क्लबवाला पैसे घालतो तो आधी पुढच्या जागेवर. परदेशी आणायचा तर गोल मारणारा आणायचा, ते दिसतं, पोस्टरवर येतं. मैदानावर चार परदेशी चालतात, त्यातला एक तरी नऊ नंबर असतोच. मग आपल्या पोरानं जायचं कुठे? कडेला. मनवीर सिंगचंच बघ. उंच, अंगानं भक्कम, हेडर चांगला. दुसऱ्या कुठल्या देशात त्याला अठराव्या वर्षी बॉक्समध्ये उभं करून म्हणाले असते, इथेच राहा, हलू नकोस. मोहन बागानमध्ये मधे मॅक्लारेन, कमिंग्ज, पेत्रातोस अशी ऑस्ट्रेलियाची रांग. मनवीर उजव्या कडेनं पळतोय, मागे येऊन बॅकला मदत करतोय, क्रॉस टाकतोय. वर्षभर दुसऱ्यासाठी ताट वाढायचं आणि देशाची जर्सी घातली की एकदम पाटावर बसून जेवायचं. जमेल कसं? तरी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कुवेतला जाऊन आपण १-० जिंकलो तो गोल त्याचाच होता. त्या रात्री तूच मला बारा वाजता फोन करून उठवलं होतंस. विसरलास, सोयीनं.

स्ट्रायकरची किंमत नुसत्या गोलांवर लावायची तर मग बाजारात वांगी वजनावर घ्यावीत तसं झालं. मनवीर नुसता उभा राहिला तरी दोन बॅक त्याला चिकटतात आणि छांगतेला आत यायला वाट मिळते. हे स्कोअरबोर्डावर येत नाही. तुझ्यासारख्या गोलकीपरला हे कळायला हवं. तुलाच तर असले लोक सगळ्यात जास्त छळायचे.

आता छेत्री. इथे आपलं भांडण होणार, झालं तर होऊ दे. २००५ मध्ये क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच मॅचला गोल, तिथपासून गेल्या वर्षी ६ जूनला सॉल्ट लेकवर निरोप घेतला तेव्हा १५१ मॅचमध्ये ९४. त्या मॅचला कुवेतशी ०-० झालं आणि तू रडलास. मीही, पण मी बाथरूममध्ये जाऊन. नऊ महिन्यांनी त्याला परत बोलावलं, शिलाँगला मालदीवविरुद्ध हेडरनं ९५ वा मारला आणि तू मला लिहिलंस, "बाप बाप होता है." सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशशी ०-०. माझं म्हणणं त्याच्या खेळाबद्दल नाहीच. आकड्यानं तो त्या दिवशीही देशातला सगळ्यात चांगला स्ट्रायकर होता, कोचनं काही चुकीचं केलं नाही. माझा राग वेगळा आहे. घरातला म्हातारा रोज दुकान उघडतो म्हणून पोरांना गल्ल्यावर बसायची वेळच येत नाही, आणि मग म्हणायचं पोरं नालायक. तुला आठवतं का, बेंगळुरू क्लबमध्ये परदेशी स्ट्रायकर मिकू आला तेव्हा छेत्रीसुद्धा डाव्या कडेला गेला होता? त्या मोसमात मिकूचे १५, ह्याचे १४. तो छेत्री होता म्हणून कडेवरूनही १४ मारले. प्रत्येक जण छेत्री कसा असेल?

भूतिया-विजयनच्या काळाचं तू सारखं काढतोस. पण ते दोघे होते, बंड्या. पुढे दोन माणसं खेळायची तेव्हा. एक बॉल अडवायचा, दुसरा सुसाट. आता पुढे एकटा आणि त्याच्याभोवती चार बॅक. जुन्या काळातलीच गोष्ट हवी तर १९६२ ची घे. जकार्ताच्या एशियाड फायनलला कोच रहीमसाहेबांनी जर्नेलसिंगला, डोक्याला टाके पडलेल्या बॅकला, पुढे उभं केलं आणि त्यानं गोल केला. आपल्याकडे बॅक पुढे पाठवायची परंपरा जुनीच आहे म्हणायची.

तुझ्या कोल्हापूरचाच मुलगा बघ की. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला फॉरवर्ड होता. त्याचं पुढे काय झालं? विंगर. त्या वर्ल्ड कपमधला आपला एकमेव गोलसुद्धा जॅक्सनसिंगचा, कॉर्नरवरून, आणि तो हाफ. तू शाहू स्टेडियमवर दर रविवारी जातोस ना, मोज एकदा, तालमींच्या टीममध्ये सेंटर फॉरवर्ड स्थानिक किती आणि बाहेरून आणलेले किती. मला कळव.

रायन विल्यम्सला भारताचा पासपोर्ट मिळाला म्हणून तू खूष आहेस. आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, स्वतः ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून आला, मान आहे त्याला. ढाक्याला कागद पूर्ण झाले नव्हते म्हणून बसून राहिला. पण भिया, बेंगळुरूत तोही जास्त कडेवरच खेळतो!

घरचीही कथा तीच आहे. आमच्या चिरंजीवांच्या शाळेनं आंतरशालेय स्पर्धेसाठी एक ताडमाड पोरगा कुठून तरी आणला, वय काय ते देव जाणे. ह्याला कोच म्हणाले, "तू पळतोस चांगला, राइटला जा." दोन वर्षं हा नऊ नंबर होता. घरी आला तो काही बोलला नाही. पोह्यांवर जीरावन भुरभुरत बसला, इतकं की बशी काळी झाली. मी जाऊन कोचशी बोललो. ते म्हणाले, "सर, हमें तो जीतना है." जिंकलेही. ह्याच्या क्रॉसवर दोन गोल झाले. आता तो म्हणतो, मला राइटलाच आवडतं. आणि मला कळत नाही की खरंच आवडतं की सवय झाली. ह्या गावात सगळी पोरं रजत पाटीदार व्हायला निघालीत, हा एक फुटबॉल घेऊन बसलाय, त्याला फार खोदून विचारायचीही भीती वाटते.

म्हणून परवा त्यानं नऊ नंबर कोण विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. आणि लगेच तुझा फोन आला की सगळे बेकार आहेत, हाकला. तू काय कोणालाही हाकलशील. महूनंतरच्या मॅचला मला बसवून तू आपल्या स्टॉपर बॅकला पुढे घातलंस, आणि आपण तीन गोलनी हरलो. तो विषय तू कधीच काढत नाहीस.

असो. हात दुखला. ३१ मार्चला हाँगकाँगशी शेवटची मॅच आहे, आपल्याकडे. निकालाला काही अर्थ नाही, म्हणूनच पैज लावायला बरी. आपल्या कोणा फॉरवर्डनं गोल केला तर तू हरलास. बॅकनं केला तर मी हरलो. विंगरनं केला तर काय, ते आधी ठरवू, नाहीतर तू नंतर पलटशील. वहिनींना आणि पोरींना घेऊन इकडेच ये मॅचला. मार्चमध्ये गराडू नसतात, साबुदाण्याच्या खिचडीवर भागवावं लागेल. येताना कांदा-लसूण चटणी आण, मागच्या वेळची डिसेंबरातच संपली होती.

तुझा,
नऊ नंबर

ता.क. खडा होता.