वळणावरच्या आरशासाठी 500 रुपये आणि आठवड्यातला एक तास द्या

राजेंद्र नगरातल्या सगळ्या काका-काकूंना, दादा-ताईंना नमस्कार 🙏

मागच्या सोमवारी सकाळी डेअरीच्या वळणावर काय झालं ते बऱ्याच जणांना कळलंच असेल. आपल्या गल्लीतल्या आजी दूध घेऊन परत येत होत्या, तिकडून बाइक आली आणि धक्का लागून त्या पडल्या, मनगट मोडलं, डोकं वाचलं ही देवाची कृपा. आम्ही धावत गेलो तेव्हा रस्त्याच्या मधोमध त्यांची एक चप्पल पडलेली आणि फुटलेल्या पिशवीतलं दूध पार नालीपर्यंत वाहत गेलेलं. बाइकवाला मुलगा पळून गेला नाही, तिथेच रडत उभा होता, म्हणाला आजी दिसल्याच नाहीत. आणि ते खरंय हो, कोपऱ्यावरची बोगनवेल आणि तिच्याखाली कायम उभ्या असणाऱ्या गाड्या, तिथे कोणालाच पलीकडचं दिसत नाही.

एबी रोडवर जाम लागला की लोक आपल्या आतल्या रस्त्याने निघतात, आणि तो सरळ, मोकळा, कुठे अडथळा नाही म्हणून गाडी पळवतात. 30 च्या स्पीडने गाडी एका सेकंदात 8 मीटर जाते, 60 ने जवळजवळ 17. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी दोन घरं ओलांडून गेलेली असते.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायची आहे. मागच्या वर्षी आपल्याच पोरांनी रात्रीतून मलबा आणि सिमेंट टाकून ब्रेकर बनवला होता, मनात वाईट काही नव्हतं, पण तिसऱ्याच दिवशी अंधारात एक ताई स्कूटीसकट त्याच्यावर पडल्या. ती चूक मंडळाची, आम्ही तेव्हाच थांबवायला हवं होतं. नियमातला गोल ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच असतो, वर पट्टे, अलीकडे बोर्ड. तो नगर निगमच बनवणार, आपण नाही. म्हणून निगमच्या 311 तक्रार ॲपवर फोटोसकट तक्रार टाकतोय, काही झालं नाही तर 181 या सीएम हेल्पलाइनवर, आणि सोबत सह्यांचा अर्ज देतोय. अर्जाला जोडायला गाड्या मोजायची एक वही केली आहे, ज्या दादांनी पहिल्या दिवशी वही धरली त्यांचं पहिलं पान दहा मिनिटांत भरलं.

आता वर्गणीचं. गणपतीला काढतो तशीच, घरामागे 500 रुपये. दोन वळणांवर मोठे गोल आरसे, त्यांचे खांब, आणि शाळेच्या वेळी उभं राहणाऱ्यांसाठी चमकणारी जॅकेटं. आरसे निगमला विचारूनच लावणार. ज्यांना जमत नसेल त्यांनी अजिबात संकोच करू नका, कमी द्या, नका देऊ, पण सही नक्की करा. रोजचा हिशोब मंदिराबाहेरच्या बोर्डावर लिहिला जाईल, बिलं कोणीही मागून बघा.

पैशांपेक्षा जास्त गरज माणसांची आहे, खरंच. सकाळी शाळेच्या वेळी एक तास, आठवड्यातून एक दिवस. ट्रॅफिक पोलिसांशी बोलून घेतोय, आपण गाड्या अडवायच्या नाहीत, फक्त पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा. रिटायर्ड काका लोकांनो, तुम्ही तसेही सकाळी फिरायला निघताच, त्यातली दोन नावं आली तरी सुरुवात होईल. आणि कोपऱ्यावर गाडी लावणाऱ्यांना हात जोडून विनंती, दहा पावलं पुढे लावा. बोगनवेलवाल्या काकूंनी वेल छाटायला स्वतःहून हो म्हटलंय, त्यांचे खूप आभार.

अजून एक, त्या दिवशी चार जण नुसते बघत उभे होते, पोलिसांच्या भानगडीत पडायला नको म्हणून. असं काही नाहीये. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये कलम 134ए आलंय, जखमी माणसाला मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती नाही. 108 लावा आणि माणसाजवळ थांबा. आजींचा हात धरून बसली होती ती समोरच्या घरात काम करणारी मुलगी, बाकी कोणी नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी 6 वाजता बगिच्यात भेटतोय. अर्ज, वही आणि पावतीबुक तिथेच असेल. आजी प्लास्टर घालून येणार आहेत, पहिली सही त्या डाव्या हाताने करणार म्हणतायत.

– तुमचं रहिवासी मंडळ