विषय : सर्व्हर तुमचा पडतो, बंदी माझ्यावर का?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

रात्रीचे पावणेदोन वाजलेत. सव्वा वाजता तुमच्या माणसाने फोन ठेवला. डोकं शांत करून लिहावं म्हणून चहा केला, तो समोर गार होऊन पडलाय.

तुमच्या ऑनलाइन गेमचा शेवटचा अपडेट आल्यापासून आज अठरावा दिवस. रोज रात्री साडेअकरा ते दीड तुमचा सर्व्हर गळपटतो. मी अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, सेकंड शिफ्ट करून घरी येतो, म्हणजे खेळायची माझी वेळही नेमकी तीच. गडी पुढे पळतो आणि शर्टाला धरून ओढल्यासारखा परत मागे. भिंतीआड जाऊन बसलो, श्वास घेतला, आणि मग कळलं की मी दोन सेकंदांपूर्वीच मेलोय. परवा रँक्ड सामन्यात शेवटच्या झोनमध्ये आम्ही चौघेही जिवंत होतो, मी, पंचवटीतला मावसभाऊ आणि सिडकोतले दोघे. चौघेही एकदम डिस्कनेक्ट. चार घरं, तीन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट, आणि दोष म्हणे आमच्या नेटचा!

वर बक्षीस काय, तर 'सामना अर्धवट सोडल्याबद्दल' ७२ तासांची बंदी आणि रँक खाली. म्हणजे माझी शनिवारची सुट्टी गेली. आमच्या शॉपफ्लोअरवर वीज गेली आणि मशीनवरचा जॉब बिघडला, तर ते रिजेक्शन ऑपरेटरच्या नावावर टाकत नाहीत. आमचा सुपरवायझर तसा भयंकर तिरसट आहे, पण एवढं त्यालाही कळतं.

आता आजच्या फोनबद्दल. एकोणीस मिनिटं होल्डवर तुमच्याच गेमचं युद्धाचं संगीत ऐकलं. मग तुमचा प्रतिनिधी आला. राउटर बंद-चालू केलात का? केला. गेम काढून पुन्हा टाकलात का? टाकला, २२ जीबी, दोनदा. मोबाईल डेटावर पाहिलंत का? पाहिलं, तेच. मग बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मला वाटलं, हा माणूस खरंच काहीतरी शोधतोय. आणि मग हे रत्न बाहेर पडलं, "सर, आपकी लोकेशन नाशिक दिखा रही है. एक बार मुंबई से खेलके देखिए."

मी म्हटलं, मुंबईहून म्हणजे? तर म्हणे, कुणी नातेवाईक असतील ना तिकडे.

आहेत. डोंबिवलीला आत्या आहे. पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस पकडू आणि तिच्या दारात उभा राहून सांगू, आत्या, पिंग बघायला आलोय? मी हसलो, कारण मला तो विनोद वाटला. तो हसला नाही. तो गंभीरपणे म्हणाला की छोट्या शहरांत असं होतं. नंतर "और कोई सहायता?" विचारून त्याने फोन ठेवला आणि लगेच मेसेज आला, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

साहेब, नाशिक ते मुंबई रस्त्याने साधारण १७० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन (हाच तो पिंग) दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. कसारा घाटात ट्रक अडकतात, डेटाचं पॅकेट नाही. मी ट्रेसरूट, म्हणजे डेटा कुठून कुठे जातो आणि किती वेळ घेतो त्याची नोंद, काढलाय, सोबत जोडतो. मुंबईपर्यंत ७ मिलिसेकंद. तिथून सिंगापूरला ७०. आणि तुमच्या स्वतःच्या सर्व्हरच्या आयपीवर पोचल्यावर २४०, पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) १८ टक्के. स्क्रीनवर मात्र त्या वेळीही विभाग 'मुंबई' असंच झळकत होतं. रात्री मॅचमेकिंगला, म्हणजे सामना जुळवायला, माणसं कमी पडली की तुम्ही आम्हाला गुपचूप सिंगापूरला ढकलता का, एवढं सरळ सांगा. बरं, ढकललंत तरी ७० वर आम्ही खेळू. २४० चं काय? छोटं शहर सिंगापूर आहे का?

ठरावीक दिवसांच्या सीझन पाससाठी माझ्याकडून ७९९ रुपये घेतलेत. ते पैसे कापले गेले तेव्हा सर्व्हर अजिबात अडखळला नाही, एका सेकंदात पावती आली.

बंदी उठवा, चौघांचीही. गेलेली रँक परत द्या आणि पासचे दिवस वाढवून द्या. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार, आणि तिथे नाही जमलं तर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत फीसुद्धा लागत नाही. तारखेला तुमच्या माणसाला नाशिकला यावं लागेल. त्याचे इथे कुणी नातेवाईक असतील ना?

हे लिहायची वेळ यायला नको होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद, पगार अर्धा, तेव्हा आम्ही चौघे भाऊ-मित्र रोज तुमच्या गेममध्येच भेटायचो. दोन जीबी रॅमचा फोन होता, तरी चालायचा. तेव्हा कुणाला तरी तुमचा गेम घ्यायला लावला असेल तर तो मीच होतो. मावसभावाने आज गेम काढून टाकला. मी अजून काढलेला नाही, कारण बंदी रविवारी रात्री उठते आणि तोवर पासचे तीन दिवस वाया गेलेले असतील. त्या बंदीचं काय ते आधी सांगा.

आपला ग्राहक (सध्या बंदी घातलेला),
अंबड, नाशिक

सोबत : ट्रेसरूटचे चार स्क्रीनशॉट, पासची पावती