टोल भरायला ना नाही, पण हिशेबाची पाटी लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पानावर एका वाचकांचं पत्र आलं होतं, की चांगले रस्ते हवेत तर टोल द्यावाच लागेल, पेट्रोल महागलं म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, फुकट काहीच मिळत नसतं. वाचल्यापासून दोन दिवस ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, फुकट मी मागतच नाहीये. पण त्याच रस्त्याचे पैसे आपल्याकडून दोनदा-तीनदा घेतले जातात आणि कुठल्या पैशाचं काय झालं ते सांगायला कोणी तयार नाही, हे त्यांच्या पत्रात कुठेच नव्हतं.

आमचा इंदूरला चक्का-श्रीखंडाचा छोटा धंदा आहे, वडिलांनी सुरू केलेला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. एक पिकअप आहे डिझेलची, ती दिवसाआड देवासला जाते. घरची कार पेट्रोलवर. बहीण वडोदऱ्याला दिलीय, त्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा असा प्रवास ठरलेला. म्हणजे टोल आणि पेट्रोल दोन्हीचा हिशेब आम्हाला वहीत लिहावा लागतो, उगाच गप्पा म्हणून बोलत नाहीये.

आधी पेट्रोल घ्या. वडोदऱ्याला जाताना इंदूरमध्ये आम्ही दाहोद गाठण्यापुरतंच पेट्रोल टाकतो. पिटोल ओलांडलं, गुजरात लागलं, की मग टाकी फुल्ल. २०२४-२५ मध्ये इंदूरला लिटर १०६ च्या घरात आणि तिकडे ९४-९५ होतं, म्हणजे एका टाकीमागे ३०-३५ लिटर धरले तरी साडेतीनशे-चारशे रुपयांचा फरक पडायचा. तेल तेच, कंपन्या त्याच, फरक टॅक्सचा. आपल्याकडे मध्य प्रदेशात पेट्रोलवर २९ टक्के व्हॅट म्हणजे राज्याचा कर, वर लिटरमागे अडीच रुपये, आणि त्यावर १ टक्का सेस. गुजरातमध्ये १३.७ टक्के व्हॅट आणि ४ टक्के सेस. आणि हा व्हॅट नुसत्या तेलाच्या किमतीवर लागत नाही, केंद्राची एक्साइज ड्यूटी धरून जी किंमत होते तिच्यावर लागतो, म्हणजे टॅक्सवर टॅक्स. २०२१ च्या दिवाळीत केंद्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये कमी केले तेव्हा आपल्या राज्यानेही ३३ चे २९ केले होते, ते मी विसरलेलो नाही, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण त्यानंतर तो आकडा तिथेच बसलाय. २०२२ च्या मे महिन्यात केंद्राने पुन्हा ८ रुपये कमी केले, २०२४ च्या मार्चमध्ये २ रुपये उतरले, राज्याने आपल्या बाजूने काय केलं? आणि पेट्रोल जीएसटीत आणायचं म्हटलं की राज्यं केंद्राकडे बोट दाखवतात आणि केंद्र राज्यांकडे.

आता रस्त्याचं बघा. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमध्ये ५ रुपये आणि डिझेलमध्ये २ रुपये रस्ते आणि पायाभूत सुविधांचा सेस म्हणून वेगळे घेतले जातात, ते एक्साइजच्या आतच असतात त्यामुळे दिसत नाहीत. पेट्रोलवर रस्त्याच्या नावाने सेस १९९८ पासून आहे, तेव्हा तो १ रुपया होता. गाडी घेतली तेव्हा शोरूममध्येच राज्याचा रोड टॅक्स एकरकमी भरलेला असतो. आणि एवढं सगळं भरून गाडी हायवेवर आली की समोर नाका. हे तिन्ही पैसे रस्त्याचेच ना? मग त्या वाचकांना माझा साधा प्रश्न आहे की यातलं फुकट कोणतं?

नॅशनल हायवेच्या टोलचे दर दर १ एप्रिलला वाढतात, २००८ च्या नियमातच तसं आहे, ३ टक्के पक्के आणि वर घाऊक महागाईच्या ४० टक्के. २०२४ ला तेवढं लोकसभेच्या निवडणुकीमुळे जूनपर्यंत थांबलं होतं. म्हणजे दर वाढायचा नियम आहे, तारीख आहे, सूत्र आहे. पण रस्ता खराब झाला, काम चालू आहे म्हणून चार महिने चिखलातून जावं लागतंय, तर टोल आपोआप कमी व्हावा किंवा थांबावा असं सूत्र मला तरी कुठल्या नाक्याच्या पाटीवर दिसलं नाही.

२०२५ च्या जूनमधला देवास रस्त्याचा जाम इंदूरमध्ये कोणी विसरलं नसेल. अर्जुन बडोदा गावाजवळ पुलाचं काम चालू, पाऊस, बाजूचा सर्व्हिस रोड पूर्ण उखडलेला, आणि गाड्या एक दिवसाच्या वर अडकून पडल्या. तीन जणांचा जीव गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. आमची पिकअप त्यात होती. देवासला एका लग्नघरी ४० किलो चक्का पोचवायचा होता, स्टीलच्या डब्यांत, भोवती बर्फ आणि वरून ओलं गोणपाट. ड्रायव्हरचा रात्री नऊला फोन आला, भैया ना आगे जा सकते ना पीछे. भाऊ बाइकवर बर्फ घेऊन निघाला, तोही मांगलियाच्या पुढे जाऊ शकला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत आली तेव्हा आईने डबा उघडला, वर पिवळट पाणी सुटलेलं, आणि आंबूस वास असा आला की तिने तसंच झाकण लावलं आणि आत निघून गेली. वडिलांच्या काळापासून आमचा माल कधी कोणाकडे पोचला नाही असं झालं नव्हतं. लग्नघराला तोंड दाखवायची सोय राहिली नाही, पैसे परत केले ते वेगळेच. त्या रात्रीचा टोल कापल्याचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे, मी डिलीट केला नाही. आणि पुढे हायकोर्टात प्रकरण गेलं तेव्हा हायवे प्राधिकरणाच्या वकिलांनी विचारलं की लोक कामाशिवाय इतक्या लवकर घरातून निघतातच कशाला. ते वाचून आई जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही.

दुसरं गणपती घाटाचं. मुंबईकडे जाताना मानपूरच्या पुढे तो उतार लागतो, नाशिक-पुण्याला जाणारा प्रत्येक मराठी माणूस तिथून गेलाय आणि तिथे जळालेला ट्रक बघितला नाही असा क्वचितच कोणी सापडेल. चौपदरी करताना उतार इतका तीव्र ठेवला की ब्रेक फेल होऊन एकामागून एक गाड्या धडकायच्या. इतकी वर्षं लोक मेले आणि त्यापायी त्याच रस्त्याचा टोल काही थांबला नाही. शेवटी २०२४ च्या अखेरीस बाजूने नवा रस्ता सुरू झाला, आता बरं आहे, मी स्वतः जाऊन आलो. पण टोल घेताना रस्ता नीट आहे की नाही हे बघायची जबाबदारी कोणाची होती?

केरळात लोकांनी हे कोर्टात विचारलं. त्रिशूर जिल्ह्यातल्या पलियेक्करा नाक्याचा टोल २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या हायकोर्टाने रस्ता नीट नाही म्हणून थांबवला, आणि सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घालायला नकार दिला. म्हणजे रस्ता आणि टोल यांचा संबंध असतो हे कोर्टाने मानलंय. मुंबईत पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये माफ झाला, निवडणुकीच्या तोंडावर झाला हे खरं, पण झाला. आपल्याकडे लेबड-जावरा-नयागाव रस्त्याच्या टोलवरून वर्षानुवर्षं वाद चाललाय, लोक कोर्टात गेले, खर्चापेक्षा किती तरी जास्त वसूल झालं असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं कोर्ट ठरवेल, पण मुळात हा आकडा शोधायला कोर्टात का जावं लागतं?

काही जण म्हणतील की आता टोलचा वार्षिक पास आला ना. हो आला, १५ ऑगस्ट २०२५ पासून, तेव्हा ३००० रुपयांत, २०० फेऱ्या, आम्हीही कारसाठी काढला आणि वडोदऱ्याच्या फेऱ्यांना त्याचा खरंच फायदा होतो, चांगलं ते चांगलंच म्हणावं. पण तो फक्त घरगुती कार-जीप-व्हॅनला आणि फक्त नॅशनल हायवे-एक्सप्रेसवेला. रतलामला मामेभावाकडे जाताना लेबडच्या पुढे तो चालत नाही कारण तो रस्ता राज्याचा. आणि पिकअपला तर मिळतच नाही, म्हणजे जो फिरायला जातो त्याला सूट आणि जो त्याच रस्त्यावर पोट भरतो त्याला पूर्ण दर. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांचं मी समजू शकतो, पण एक गाडी असलेल्या माणसाला त्यांच्याच रांगेत का उभं करता? तो खर्च शेवटी चक्क्यात, भाजीत, दुधातच लागतो, म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही तोही टोल भरतोच आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक नाक्यावर सूट कोणाकोणाला आहे त्याची भलीमोठी पाटी असते, तिच्या शेजारी अजून एक लावा, की या रस्त्याला खर्च किती झाला, गेल्या महिन्यापर्यंत वसूल किती झालं, आणि टोल कुठल्या तारखेपर्यंत आहे. काही माहिती सरकारी वेबसाइटवर सापडते, मी बघितलीय, पण ट्रक चालवणारा माणूस स्टिअरिंग सोडून वेबसाइट शोधणार का? आणि काम चालू असेल आणि गाड्या सर्व्हिस रोडवरून काढत असाल तर तेवढ्या काळापुरता टोल बंद ठेवा. पेट्रोलचं राज्याने बघावं, एकदम गुजरातएवढं नाही जमत तर २९ वरून थोडं तरी खाली या, दाहोदच्या पंपांवर आपल्या इकडच्या नंबरच्या गाड्या किती असतात ते एखाद्या अधिकाऱ्याने रविवारी संध्याकाळी जाऊन मोजावं.

संपादक साहेब, तुमच्या बातमीदाराला जमलं तर इंदूरच्या चारी बाजूंच्या नाक्यांचे हे आकडे काढायला सांगा आणि छापा. येत्या शनिवारी भाचीच्या वाढदिवसाला आम्ही वडोदऱ्याला निघतोय, जाता-येता जे नाके लागतील त्यांच्या पाट्यांचे फोटो काढून मी तुम्हाला पाठवतो.

आपला एक वाचक,
इंदूर